फोटो रंगवायचा नाही

आमच्या शाळेत रोज सकाळी स्टेटस लावावं लागतं. मी ग्रंथपाल आहे. मुलांना पुस्तकं देणं, परत घेणं, फाटलेली चिकटवणं, हे माझं काम. पण गेली काही वर्षं त्यात हे एक काम वाढलं आहे. सकाळी आठच्या सुमारास स्टाफच्या ग्रुपवर एक चित्र येतं. कधी सुविचार, कधी प्राचार्य रोप लावताना, कधी नर्सरीच्या प्रवेशाची जाहिरात. ते प्रत्येकानं आपल्या स्वतःच्या फोनवर स्टेटस म्हणून लावायचं आणि दहाच्या आत त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा. ज्यांनी लावलं नाही त्यांची लाल अक्षरांतली यादी साडेदहाला येते.

एकदा त्या यादीत मी होते. शनिवारच्या मीटिंगमध्ये प्राचार्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मैडम, आपके फोन में स्कूल के लिए जगह नहीं बची क्या? किताबें भर रखी हैं?" सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मी फोन घेतला होता तो नातेवाइकांसाठी आणि ताईसाठी. एकच नंबर, एकच फोन. त्यात आत्या, मावशा, पुण्याकडची भावंडं, जुन्या मैत्रिणी, आणि त्याच रांगेत पालक, शिक्षक, बसचे ड्रायव्हर. जाहिराती लावायला लागल्यावर मावशी विचारू लागली, "अगं, तू शाळेत नोकरी करतेस की शाळा विकतेस?" तेव्हा आमच्या कॉम्प्यूटरच्या मॅडमनी, शाळेचं पेज सांभाळतात त्यांनी, मला लायब्ररीत बसून एक युक्ती शिकवली. स्टेटस टाकण्याआधी आपण ठरवू शकतो, ते कुणाला दिसावं. "फक्त यांनाच" असं निवडलं की यादीतल्या लोकांपुरतंच ते राहतं. मी शाळेच्या लोकांची एक यादी केली. सकाळी शाळेचं चित्र "फक्त यांनाच". माझं स्वतःचं काही असेल, दिवाळीची रांगोळी वगैरे, तर आधी ते सेटिंग बदलायचं आणि "यांच्याशिवाय सगळ्यांना" करायचं. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. एका घराला दोन दारं पाडली आणि दोन्हींच्या किल्ल्या माझ्याकडे, असं.

ताईला ही गंमत वाटायची. चहा पिताना माझा अंगठा चालताना बघून ती म्हणायची, "लोक सकाळी पोथी उघडतात, तू प्रवेश उघडतेस." एकदा माझ्या हातून चूक झाली आणि जाहिरात तिला दिसली. संध्याकाळी मी घरी आले तर म्हणाली, "काय गं, नर्सरीत माझा नंबर लागेल का? वय थोडं जास्त आहे, पण चित्रकला बरी आहे."

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. सरकारी कन्याशाळेत चित्रकला शिकवायची. आम्ही दोघीच राहायचो. आमचं घराणं कधीतरी दरबारच्या कारकुनीसाठी दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात आलेलं, त्यामुळे घरात मराठी, दारात हिंदी, आणि भांडणात दोन्ही. लग्न दोघींचंही झालं नाही. त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगते.

ताईला कोड होतं. विसाव्या वर्षी ओठाच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका आला, मग कपाळावर, मग हनुवटीखाली. चोवीस वर्षांची असताना तिला बघायला येणार म्हणून वडील तिला देवास गेटजवळच्या एका स्टुडिओत घेऊन गेले. तेव्हा फोटो काळेपांढरे. स्टुडिओवाल्यानं बारीक ब्रशनं तिचे डाग भरून काढले. फोटो सुंदर आला. मुलाकडचे तो फोटो बघून आले. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. मुलाच्या आईनं पर्समधून फोटो काढला, ताईच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत म्हणाली, "फोटोत एक आणि पाटावर एक. आम्हाला दोन नकोत."

वडील खाली बघत होते. ताई उठली, त्या बाईंच्या हातातून फोटो घेतला, आणि आत गेली. पाहुणे गेल्यावर वडिलांना फक्त एवढं म्हणाली, "बाबा, मला पुन्हा कुणी रंगवायचं नाही." नंतर तिला बघायला कुणी आलंच नाही. पुढे माझी गोष्ट निघाली तेव्हा 'घरात कोड आहे' एवढं पुरलं. मला त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही, पण ताईवर मी कधी रागावले नाही. रागावायची माणसं वेगळी होती.

पन्नाशीपर्यंत तिचा अर्धा चेहरा पांढरा झाला होता. ती तोंडाला ओढणी गुंडाळून फिरली नाही. वर्गात नवीन मुली टक लावून बघायच्या, मग पटकन नजर काढायच्या, तेव्हा ती गाल पुढे करून विचारायची, "बताओ, कौनसा देश है?" मुली हसायच्या, मग खरंच शोधायला लागायच्या. एकीनं सांगितलं होतं, श्रीलंका. ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे, आणि ताईला बाजारात भेटली की "श्रीलंका मैडम" म्हणून पाया पडायची.

ताईला भैरवगढला जायला फार आवडायचं. तिथे कापडावर ठसे मारतात, मेणाची छपाई करतात. काही छपाईवाले तिच्याकडून किनारीची नक्षी काढून घ्यायचे. रंगात बुडवताना मेणाला तडे जातात आणि त्या तड्यांतून रंग आत उतरतो. त्या वेड्यावाकड्या रेघांवर ती बोट फिरवत बसायची. एका फेब्रुवारीत आम्ही दोघी गेलो होतो. नदीकाठी लाल-निळ्या कापडाची थानं वाळत टाकलेली होती. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काढ फोटो. आत्ता काढ, ऊन सरळ तोंडावर आहे."

मी म्हटलं, "जरा सावलीत ये ना."

"नको. सावलीत निम्मं लपतं."

मी काढला. तिनं चष्मा वर करून तो फोनवर मोठा करून बघितला, स्वतःचा गाल, ओठ, कपाळ, सगळं सावकाश. मग म्हणाली, "हा ठेव. मी गेले की हाच लावायचा. दाखवायचा तर असाच, नाहीतर दाखवू नकोस. आणि रंगवायचा नाही."

मी हसले. "आता कोण फोटो रंगवतं गं?"

"रंगवणारे संपत नसतात," ती म्हणाली, आणि चप्पल शोधायला लागली.

दोन वर्षांनी ती गेली. सकाळी चहा गाळला, दोन्ही कप ओट्यावर ठेवले आणि खाली बसली. मला वाटलं काहीतरी पडलं, ते उचलते आहे. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, माधव नगरला राहतो. तो आला आणि त्यानं सगळं हातात घेतलं. अग्नी त्यानं दिला, अस्थी त्यानं नेल्या. त्यानं केलं त्याबद्दल मी ऋणी आहे आणि हे मी रागात असतानाही लिहिते आहे.

तिसऱ्या दिवशी दादा माझ्याकडे बसला होता. म्हणाला, "शंभर जणांना फोन कुठे करत बसणार? तू स्टेटस टाक. फोटो आणि तेराव्याचा वार. म्हणजे सगळ्यांना कळेल."

मी तो फोटो काढला. खाली लिहिलं, ताई गेली, तेरावा अमुक वारी, दादाच्या घरी. आणि टाकलं. अंगठा रोजच्या सवयीनं चालला. ताई गेली त्याच्या आदल्या सकाळी मी शाळेचं प्रवेशाचं चित्र लावलं होतं. सेटिंग तिथेच होतं. "फक्त यांनाच." मी बघितलंच नाही.

म्हणजे झालं असं, की ताईचा तो फोटो माझ्या मावशीला दिसला नाही, पुण्याला दिसला नाही, श्रीलंकावालीला दिसला नाही. दिसला तो फक्त शाळेच्या लोकांना. दोन दारांपैकी चुकीचं दार उघडं राहिलं, आणि ते मी उघडलं. ही माझी चूक. ती मी कुणावर ढकलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. "अगं, तुझं स्टेटस मला काही दिसलं नाही. पण तुझ्या शाळेनं काय सुंदर केलंय! मी सगळ्या ग्रुपवर पाठवलं."

"काय पाठवलंस?"

"ताईचं कार्ड. बघ तर खरं."

मी बघितलं. वर शाळेचं चिन्ह. मागे निळेपांढरे ढग, एक कमळ, दोन्ही बाजूंना पणत्या. मध्ये लंबगोलात एक बाई. भैरवगढची थानं नाहीत, नदी नाही, ऊन नाही. बाईचा चेहरा भिजवून सोललेल्या बदामासारखा, एका रंगाचा, एक सुरकुती नाही. ओठ गुलाबी. श्रीलंका नाही. मी क्षणभर खरोखर विचार केला की ही कोण. मग चष्मा ओळखला. चष्मा ताईचा होता.

खाली लिहिलं होतं, 'विद्यालय की पुस्तकालय प्रभारी की पूज्य दीदी को अश्रुपूर्ण श्रद्धांजलि।' आणि त्याच्याही खाली, त्यांच्या प्रत्येक चित्राखाली असते ती पिवळी पट्टी: 'नर्सरी से बारहवीं तक प्रवेश प्रारंभ.' दोन फोन नंबर.

ते शाळेच्या पेजवर होतं. त्याखाली लोकांनी लिहिलं होतं. बहुतेकांनी हात जोडले होते. काहींनी लिहिलं होतं, कितनी सुंदर थीं. आमच्या हिंदीच्या मॅडम, ज्या ताईला आयुष्यात एकदाही भेटल्या नव्हत्या, त्यांनी लिहिलं होतं, 'दीदी का यह मुस्कुराता चेहरा हम कभी नहीं भूल पाएँगे.'

मी ते वाचत असतानाच स्टाफच्या ग्रुपवर निरोप आला. 'सभी स्टाफ सदस्य यह श्रद्धांजलि अपने स्टेटस पर लगाएँ। दस बजे तक स्क्रीनशॉट भेजें।'

आणि ते यायला लागले. एकामागून एक. गणिताचे सर, 'डन सर'. खेळाचे सर, 'डन सर', हात जोडलेले. बसचे इन्चार्ज, 'डन'. प्रत्येक स्क्रीनशॉटमध्ये तोच सोललेला चेहरा आणि तीच पिवळी पट्टी. माझ्या बहिणीच्या मरणाची हजेरी घेतली जात होती. मी सुतकात जमिनीवर बसून ती हजेरी बघत होते आणि फोन बंद करायचं मला सुचत नव्हतं. दहा वाजून गेल्यावर प्राचार्यांचा मला वेगळा निरोप आला: 'मैडम, बस आपका स्क्रीनशॉट रह गया। आपकी ही दीदी हैं, आप भी लगा दीजिए, अच्छा लगेगा।'

अच्छा लगेगा. मी हे दोन शब्द खूप वेळा वाचले. मला कुणाला शिव्या द्यायची सवय नाही. पुस्तकांत राहणाऱ्या माणसाला राग आला तरी तो वाक्य शोधत बसतो. मला वाक्य मिळालं नाही. मी कॉम्प्यूटरच्या मॅडमना फोन लावला.

"मैडम, नमस्ते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दीदी का सुनकर बहुत बुरा लगा."

"फोटो आपने बनाया?"

"जी. आपके स्टेटस से लिया. अच्छा बना ना?"

"चेहरा क्यों बदला?"

"बदला नहीं मैडम. फोटो में दाग आ रहे थे, तो थोड़ा क्लीन कर दिया. ऐप में एक ही बटन है."

"वो दाग नहीं थे. वो उनका चेहरा था."

मग त्या म्हणाल्या, "मुझे लगा धूप के हैं." आणि पुढे, "सच बोलूँ मैडम? लगा तो था. पर सर ने कहा था, पेज पर जाएगा, अच्छा दिखना चाहिए."

"हटा दीजिए."

"वो तो सर से पूछना पड़ेगा. बहुत लोगों ने लिख दिया है उस पर."

त्या वाईट बाई नाहीत. मला राग करायला वाईट माणूस मिळाला असता तर बरं झालं असतं. इथे होतं एक बटण, एक पट्टी आणि चांगलं दिसलं पाहिजे अशी सगळ्यांची समजूत. स्टुडिओवाल्याला निदान ब्रश हातात धरून दोन तास बसावं लागलं होतं. तिचा प्रत्येक डाग त्यानं निरखून बघितला असणार.

तेराव्याच्या दिवशी मी माधव नगरला दादाच्या घरी पोचले तेव्हा बैठकीत चौरंग मांडलेला होता. त्यावर मोठी फ्रेम, झेंडूचा हार, उदबत्ती. फ्रेममध्ये कार्डातली बाई. ढग, कमळ सगळं. पिवळी पट्टी दादानं तेवढी कापून घेतली होती.

मी दादाला आतल्या खोलीत बोलावलं. "हा फोटो कुठून घेतलास?"

"तुझ्याच शाळेच्या पेजवरून. दुसरा होता कुठे माझ्याकडे? ताई कधी फोटो काढून घ्यायची का?"

"ती ताई नाही, दादा."

"काय बोलतेस? लोक आलेत."

"तिचं कोड पुसलंय त्यांनी."

दादानं आवाज खाली आणला. "हो, मग? आयुष्यभर लोकांनी तेच बघितलं बिचारीचं. आता गेली ना ती? आता तरी चांगली दिसू दे की."

माझ्याकडे त्या फोटोची छापील प्रत नव्हती, फोनमध्ये होता फक्त. मी म्हणू शकले असते की फ्रेम उचल, रिकामा चौरंग राहू दे. ताई असती तर उठून हातातून घेऊन आत गेली असती, जशी चोविसाव्या वर्षी गेली होती. मी गेले आणि पंगतीला श्रीखंड वाढलं. लोक एकेक करून त्या बाईसमोर फुलं वाहत होते. श्रीलंकावाली आली होती, दोन्ही मुलांना घेऊन. ती फ्रेमसमोर बराच वेळ उभी राहिली, मग माझ्याकडे बघितलं. मग मुलांचे हात धरून मागे सरली. वहिनी मात्र वाढताना माझ्या कानाशी म्हणाली, "मला तर या ताई वाटतच नाहीत हो. पण ह्यांना कोण सांगणार?" मी पुढच्या पानाकडे वळले.

त्या दिवशी गप्प बसले, ते मला शाळेपेक्षा, दादापेक्षा जास्त सलतं. पाटावर एक आणि फोटोत एक. बेचाळीस वर्षांनी पुन्हा तेच, फक्त या वेळी कुणी परत पाठवलं नाही. सगळ्यांना फोटोतलीच पसंत पडली होती.

कामावर रुजू झाले त्या सकाळी आधी लायब्ररी न उघडता मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. कॉम्प्यूटरच्या मॅडम तिथेच होत्या, नव्या पोस्टरचं काहीतरी दाखवत.

"आइए मैडम, बैठिए. हमने तो पूरे स्कूल से श्रद्धांजलि दिलवाई."

मी बसले नाही. "सर, वो पोस्ट हटवा दीजिए."

"क्यों? कुछ गलती रह गई? स्पेलिंग की?"

"चेहरे की."

मी फोन पुढे केला. भैरवगढचा फोटो. त्यांनी तो बघितला आणि पटकन नजर काढली, मुली पहिल्या दिवशी काढायच्या तशी. "अरे, तो इसमें तो हमने अच्छा ही किया ना मैडम. ये लगाते तो लोग पूछते."

"पूछते तो मैं बताती."

"देखिए, इस साल की सबसे ज़्यादा देखी गई पोस्ट है वो. पैरेंट्स जुड़ते हैं इससे. परिवार है हमारा."

"परिवार है तो नीचे प्रवेश प्रारंभ क्यों लिखा है?"

हे मी म्हणाले आणि माझा आवाज इतका मोठा झाला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. या शाळेत मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. लायब्ररीत मुलांना गप्प करायलासुद्धा मी टेबलावर पेन्सिल वाजवते. पण एकदा आवाज सुटला तो थांबेना. मी म्हणाले की माझी बहीण तुमच्या नर्सरीची जाहिरात करायला मेली नाही. मराठीत म्हणाले. प्राचार्यांना मराठी येत नाही, पण कळलं असावं.

कॉम्प्यूटरच्या मॅडम खाली बघत होत्या. त्यांनी लॅपटॉप ओढला. "सर, हटा देती हूँ," त्या म्हणाल्या. हे त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. दोनदा काहीतरी दाबलं. "हट गया, मैडम."

"ठीक है, ठीक है," प्राचार्य म्हणाले. "आप दुख में हैं, हम समझते हैं. पर कल से स्टेटस नियम से लगेगा ना? तेरह दिन से आपका नाम लाल सूची में है."

"नहीं सर. मेरा फोन मेरा है."

"सोच लीजिए. रिटायरमेंट में कितने साल हैं आपके?"

"तीन."

"बस इसीलिए कह रहा हूँ."

मी बाहेर आले. जिना चढले. लायब्ररी उघडली, खिडक्या उघडल्या. पेजवरचं कार्ड गेलं होतं, पण मला माहीत होतं ते कुठे कुठे राहिलं आहे. दादाच्या बैठकीत. मावशीच्या फोनमध्ये. पुण्याच्या ग्रुपमध्ये. तिथून ते कोणत्या बटणानं पुसायचं?

टेबलाशी बसून मी सेटिंग उघडलं. "फक्त यांनाच" काढून टाकलं. "यांच्याशिवाय" काढून टाकलं. सगळ्यांना. शाळा, नातेवाईक, बसचे ड्रायव्हर, पालक, सगळ्यांना. भैरवगढचा फोटो लावला आणि खाली लिहिलं: 'ही माझी ताई. हा तिचा चेहरा. तिनं सांगितलं होतं, दाखवायचा तर असाच.' मग तेच हिंदीत लिहिलं.

पहिला निरोप वहिनीचा आला: 'या आपल्या ताई हो. फ्रेमसाठी मोठा पाठवा, मी ह्यांना सांगते.' मी पाठवला. दादानं फ्रेम बदलली की नाही हे मी अजून जाऊन बघितलेलं नाही. मग श्रीलंकावालीचा आला. तिनं काही लिहिलं नव्हतं. तिनं स्वतःच्या शाळेच्या वहीचं एक पान पाठवलं होतं, त्यावर ताईच्या हातचा लाल शेरा होता.

तिसरा आला हिंदीच्या मॅडमचा. त्या वर्ग सोडून, तासाच्या मध्येच, कुतूहलानं लिहीत असाव्यात.

'मैडम, ये कौन-सी दीदी हैं?'

आधी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि परत आलेली पुस्तकं कपाटात लावली. मग फोन उचलला आणि लिहिलं:

'वही, जिनका चेहरा आप कभी नहीं भूलने वाली थीं.'